मागच्या सीटवरून हरसूल-घोटी

हरसूलला बघण्यासारखं काय आहे, असं सुट्टीनंतर शाळेत मला सगळ्यांनी विचारलं. डोंगर आहेत, आठवड्याचा बाजार आहे आणि माझी नणंद आहे, असं मी सांगून टाकलं. डोंगर आणि बाजार याबद्दल कुणीही लिहील. नणंदेचं मात्र मलाच लिहावं लागणार, कारण त्या सुट्टीत मी तिच्यावर जेवढी जळले तेवढी आयुष्यात कुणावर जळले नाही. खोटं कशाला बोलू?

नाशिक

साल दोन हजार तीन, दिवाळीच्या आधीचे दिवस. आमच्या कॉलनीत एकेका दारात मोटारसायकल येऊन उभी राहत होती आणि आमच्या दारात ह्यांची सायकल होती, तीही मडगार्ड वाजणारी. हे सरकारी कचेरीत क्लार्क, मी शाळेत शिक्षिका. दोघांच्या पगारात एक गाडी बसत होती. मग रविवारी रविवारी आम्ही शोरूम पालथी घालायला लागलो.

ह्यांना एकही गाडी पसंत पडेना. एकीची सीट उंच, दुसरीचा हॉर्न चिरका, तिसरीचा रंग म्हणे तलाठ्यासारखा. तलाठ्याला कसला रंग असतो हे मला अजून कळलेलं नाही. शोरूममधला माणूस एक चक्कर मारून बघा म्हणाला, की हे घड्याळ बघायचे आणि पुढच्या रविवारचं ठरवून बाहेर पडायचे. एका रविवारी तर एकटेच गेले आणि नुसतं हेल्मेट घेऊन आले. काळं, पुढं काच असलेलं, वरून प्लास्टिकची पिशवी. गाडी येईल तेव्हा येईल, डोकं आधी सांभाळलं पाहिजे, म्हणाले. सासूबाईंनी ते टीव्हीवर रुमाल अंथरून मांडून ठेवलं. आल्यागेल्याला वाटायचं, गाडी मागच्या बाजूला लावलेली असेल.

मी हळूच म्हटलं, गाडी आली की मीही शिकेन. तर म्हणाले, "गिअरची गाडी असते ती. तुला झेपायची नाही." मला! विंचूरला माहेरी असताना वडिलांची मोठी सायकल दांडीखालून पाय घालून चालवत मी कांदा मार्केटात त्यांचा डबा पोचवायची. तेव्हा कुणी झेपेल का म्हणून विचारलं नव्हतं.

आणि हाच माणूस छाती फुगवून सगळ्यांना सांगायचा, की आमच्या मंगलला गाडी मीच शिकवली. मंगल म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, हरसूलला आरोग्य केंद्रात नर्स. समोर मी तिला मंगलताई आणि तुम्ही म्हणते. लिहिताना नुसतं मंगल म्हणणार आहे, तेवढंच समाधान. पाड्यापाड्यावर फिरावं लागतं म्हणून तिनं मोटारसायकल घेतली होती, चांगली गिअरची. ह्यांना महागाई भत्त्याचा फरक मिळाला तेव्हा त्यातून तिला हेल्मेट आलं आणि मला मिक्सर. बहिणीला गाडी झेपते, बायकोला मिक्सर झेपतो. तिचा विषय निघाला की मी चहाच्या निमित्तानं आत जायची आणि भांडी जरा जोरात ठेवायची.

अशात मंगलचा फोन आला. घोटीला तिच्या ओळखीचे एक भातगिरणीवाले होते, त्यांची गाडी विकायची होती. मुलानं जेमतेम वापरलेली, आता तो पुण्याला शिकायला गेलेला. सुट्टीत हरसूलला या, आपण जाऊन बघू, असं तिचं म्हणणं. म्हणजे आमची पहिली गाडी, ती पण हिच्या पसंतीची! हे मात्र एकदम खूश झाले. मंगल बरोबर आहे म्हटल्यावर आता चिंताच नाही, म्हणाले. मी बॅग भरली, पण एकाही कपड्याची घडी घातली नाही.

हरसूल

ह्यांनी हेल्मेट बरोबर घेतलं. एसटीत, मांडीवर ठेवून. कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता गाडी मागून येतेय का म्हणून विचारलं आणि अख्खी एसटी हसली. गिरणाऱ्याला टोमॅटोच्या बाजाराची गर्दी चढली. आमच्या सीटला टेकून उभ्या असलेल्या एका बाईची पिशवी फाटली, तेव्हा तिचे टोमॅटो ठेवायला हेल्मेट कामी आलं. वाघेऱ्याच्या घाटात प्रत्येक वळणाला हे दोन्ही हातांनी टोमॅटो सांभाळत होते. खिडकीबाहेर इतकं सुंदर चाललं होतं, पण ह्यांना मान वर करता येईना. नाशिककडच्या द्राक्षबागा मागे पडल्या की उतारावर कापून झालेली भातखाचरं लागतात, मध्येच नागलीचे, म्हणजे नाचणीचे, करडे तुकडे, आणि घरं इतकी लांब लांब की एका घरच्या चुलीचा धूर दुसऱ्या घरी पोचत नसेल.

त्या दिवशी हरसूलचा बाजार होता. आम्ही स्टँडवर उतरलो तर मंगलच्या गाडीचा आवाज आधी आला, मग मंगल. जाड कापडाचं जॅकेट, पायात बूट, हातमोजे, आणि डोक्यावर ते फरकाच्या पैशातलं मरून हेल्मेट. तिनं ते काढलं, पाठीवर वेणी सोडली, आणि दादा, वहिनी म्हणत हसत आली. गर्दीनं तिला वाट करून दिली. खोटं कशाला सांगू, दिसत छान होती. तेच तर खुपत होतं.

बाजारात तिच्याबरोबर चार पावलं टाकणं मुश्कील. कुणी काकडी देतंय, कुणी वालाच्या शेंगा तिच्या पिशवीत घालतंय, कुणी पोराचा ताप उतरला म्हणून सांगतंय. आमच्या कॉलनीत बाई ओळखायची ती नवऱ्याच्या नावानं. मला अजून निम्मी कॉलनी ह्यांच्या नावानंच ओळखते. इथं उलटं. ह्यांच्याकडे बोट दाखवून लोक म्हणत होते, हा नर्सबाईचा भाऊ. आणि मी त्या भावाची बायको. म्हणजे ओळखीच्या रांगेत अगदी शेवटी.

डांगर, म्हणजे लाल भोपळे, विकायला बसलेल्या एका म्हातारीनं मला नीट निरखून घेतलं. "ही कोन?" तिनं मंगलला विचारलं.

"माझी वहिनी."

"हिला नाय येत गाडी?"

मंगल म्हणाली, येईल की. मी दात दाखवले. म्हातारीनं मला एक डांगर जरा स्वस्तात दिलं, बहुतेक कीव येऊन.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाची डाळ आणि सुकटीची चटणी. आम्ही नाशिकला बाजरी खाणारे, पण गरम नागलीच्या भाकरीवर ती डाळ ओतली की दुसरं काही सुचत नाही. मंगलची एक भाकरी जरा करपली होती. मला बरं वाटलं. ती करपलेली मी आग्रहानं माझ्याच ताटात घेतली आणि पुन्हा पुन्हा बघत खाल्ली.

घोटीच्या वाटेवर

घोटीला जायचं म्हणजे तिघं एकाच गाडीवर, असं मी धरून चालले होते. नाशिकला नवरा, बायको, दोन पोरं आणि गॅसची टाकी एका गाडीवर जाताना मी रोज बघते. मंगल म्हणाली, ट्रिपल सीट मी नेत नाही, नंतर टाके मलाच घालावे लागतात. तिनं ह्यांना त्र्यंबकच्या जीपमध्ये बसवून दिलं, पुढं घोटीची गाडी कुठं मिळेल ते सांगितलं आणि माझ्याकडे वळली.

साडी चालणार नव्हती. तिनं आपला पंजाबी ड्रेस दिला, तो मला कमरेत घट्ट. हेल्मेट ह्यांचं, टोमॅटोचा वास येणारं. ते डोक्यात उतरेना, कारण माझा अंबाडा. मंगलनं एकेक पिन काढून वेणी घातली तेव्हा कुठं ते खाली गेलं. हातमोजे बांगड्यांवर चढेनात, तर तिनं बांगड्याही उतरवायला लावल्या. गाडी घसरली की काच हातात शिरते आणि चिमट्यानं काढताना माणूस रडतो, म्हणाली. सासूबाई असत्या तर मोकळे हात बघून त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. मला पटत होतं सगळं, पण पटत होतं याचाच राग येत होता. हिला सगळं कसं ठाऊक असतं?

मग मी बसले. दोन्हीकडे पाय टाकून, पहिल्यांदा. आजवर ज्यांच्या ज्यांच्या स्कूटरवर बसले ती एका बाजूला, साडी सावरत, एका हातानं सीटचा पट्टा धरून. तसं बसणाऱ्या बाईला अर्धाच रस्ता दिसतो. त्या दिवशी मी रस्ता समोरून पाहिला. त्र्यंबक मागे पडलं, ब्रह्मगिरीचा कडा कितीतरी वेळ डाव्या-उजव्या हाताला फिरत राहिला, पहिन्याच्या पुढं झाडी अंगावर आली आणि मग वैतरणेचं पाणी एकदम उघडलं. वारा काचेवर आपटत होता. मला ओरडावंसं वाटत होतं, आणि लगेच मनात आलं, हे सगळं हिला रोज दिसतं. पगार घेऊन दिसतं. मी तिच्या जॅकेटला धरलं होतं ते आणखी घट्ट धरलं, प्रेमानं नव्हे.

पाण्याच्या कडेला एका टपरीवर चहाला थांबलो. टपरीवाल्यानं मंगलला न विचारता कमी साखरेचा चहा दिला. एवढ्यावरून माझा बांध फुटला. म्हटलं, तुमच्या दादांनी तुम्हाला गाडी शिकवली, हेल्मेट दिलं, आणि मी शिकते म्हटलं तर म्हणतात झेपायची नाही. मी काय परकी आहे का? आवाज जरा चढलाच. टपरीवाला उगाच बरण्या पुसायला लागला.

मंगलनं ग्लास खाली ठेवला. "वहिनी," ती म्हणाली, "दादाला गाडी येत नाही."

 मग तिनं सगळं सांगितलं. लग्नाआधी ह्यांनी मित्राची गाडी मागून घेतली होती. तेव्हा राहत होते त्या जुन्या कॉलनीच्या गल्लीत ती आवरेना, आणि हे थेट शेजारणीच्या पापडांच्या खाटेवर गेले. खाट मोडली, पापड मोडले, पाय सायलेन्सरखाली सापडला. पुढं बरेच दिवस तिथली पोरं ह्यांना पापड म्हणायची. तेव्हापासून ह्यांनी हँडलला हात लावलेला नाही. मंगल शिकत होती तेव्हा दादा आला होता खरा. कॅरिअर धरून मागे पळत होता आणि ब्रेक, ब्रेक ओरडत होता. शिकवलं ते केंद्राच्या जीपच्या ड्रायव्हरनं.

ह्यांच्या पोटरीवर एक डाग आहे. शाळेत असताना गरम पाणी सांडलं, असं मला लग्नानंतर सांगितलं होतं. मी त्या डागाला कितीदा तेल लावलंय.

"कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती त्यानं," मंगल म्हणाली. "तुम्हाला तर मुळीच नाही."

वाचणाऱ्याला वाटेल, माझा जळफळाट तिथं संपला असेल. उलट आता खरा पेटला. शिकवण्याचं एक वेळ ठीक होतं. पण हे गुपित एवढी वर्षं त्या दोघांचं होतं, आणि मी रोज ह्यांच्या डब्यात पोळ्या भरणारी बाई बाहेरच्या बाहेर. गाडीपेक्षा मला त्या गुपिताचा हेवा वाटला. राहिलेला चहा मी तसाच टाकला.

घोटी

घोटीला नव्या तांदळाचा वास रस्त्यापर्यंत येतो. पेठेत गोण्यांची रीघ लागली होती. हे आमच्या आधी पोचून गिरणीच्या दारात कागदावर भेळभत्ता खात उभे होते. मला पंजाबी ड्रेसात, वेणीत, मोकळ्या हातांनी उतरताना बघून ह्यांचा घास तोंडातच राहिला. मी हेल्मेटचा पट्टा सोडत राहिले. बोलायला लागले असते तर थांबले नसते.

गिरणीवाले काका मोठे बोलके. मंगलनं त्यांच्या सुनेचं बाळंतपण केलं होतं, म्हणून आधी चहा, मग नव्या तांदळाचा भात खाऊन जायचा आग्रह. गाडी शेडमध्ये होती, पोतं टाकून झाकलेली. काळी, टाकीवर लाल पट्टा. मला बघताक्षणी ती आवडली. मंगलनं खाली बसून चेन बघितली, टायर अंगठ्यानं दाबले, ब्रेकचं पायडल हातानं दाबून पाहिलं, सुरू करून धूर कसला येतो ते बघितलं. मागच्या चाकावर साडीगार्ड नव्हतं. मुलानं ऐटीसाठी काढून ठेवलं होतं.

"वहिनींसाठी साडीगार्ड मी आजच बसवून देतो," काका म्हणाले. "गाडी लय भारी हे. साहेब, तुम्ही एक चक्कर मारून या."

आणि त्यांनी चावी ह्यांच्यापुढं धरली.

मी ह्यांच्याकडे बघत होते. शोरूममधले सगळे रविवार मला एका झटक्यात कळले. ह्यांनी घड्याळ बघितलं. मग बहिणीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. कपाळावर घाम. गिरणीतले दोघे-तिघे हमाल गंमत बघायला दाराशी आले होते. मंगल काहीतरी सावरून घ्यायला पुढं सरकली, नेहमी सावरत आली असणार तशी. माझ्या मनात आलं, आज नाही. आज ह्यांना सावरायचं तर मी सावरीन, नाहीतर पडू देईन. एक क्षण पडू द्यावं असंही वाटलं. पापडवाली खाट माझ्या जिभेवर होती.

मी हात पुढं करून चावी घेतली. "साडीगार्ड कशाला, काका? गाडी मी चालवणार," म्हटलं. "मागे हे बसणार आहेत."

काकांना वाटलं मी चेष्टा करतेय. ते हसले, मग आमच्यातलं कुणी हसत नाही हे बघून थांबले. चक्कर मंगलनं मारली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं की मला सगळं माहीत आहे.  रुमाल काढून त्यांनी मान पुसली.

साडीगार्ड मंगलनं बसवायला लावलंच. आई मागे बसेल तेव्हा लागेल, म्हणाली, आणि ओढणीही चाकात जाते, चाकाला फरक कळत नाही. मला माझं वाक्य इतकं आवडलं होतं, पण तिचंच बरोबर होतं. नेहमीसारखं. निघताना काकांच्या बायकोनं चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ आणला. आमच्या घरात हे करत नाहीत, आम्ही नवी वस्तू घेऊन लेण्यांवर बुद्धाला वंदन करून येतो. पण त्या माऊलीचं मन मोडवेना. लिंबू चिरडलं, नारळ आम्ही वाटेत खाल्ला. मंगलनं फोन करून बोलावलेला केंद्राचा जीपवाला नवी गाडी हरसूलला घेऊन आला, कारण ह्यांनी चालवायचा प्रश्नच उरला नव्हता.

पुन्हा हरसूल

बाकीची सुट्टी मी बाजाराच्या मैदानावर काढली. बाजार नसतो तेव्हा तिथं शेळ्या आणि मी. मंगल ड्यूटीवर जायच्या आधी शिकवायची. पहिल्यांदा गाडी माझ्या हातात नुसती बंद पडायची. मग सुरू झाली तर बेडकासारखी उडायला लागली. क्लच हळू सोडा, हळू, वहिनी, कणीक मळताना पाणी घालता तसं. ही उपमा मात्र तिला चांगली सुचली, हे मी मान्य करते. त्यानंतर जमत गेलं. एकदा शेळी आडवी आली आणि मी पडले. जॅकेटचं कोपर फाटलं, माझं शाबूत राहिलं. त्या दिवसानंतर हातमोज्यांबद्दल मी एकदाही कुरकुर केली नाही. ती डांगरवाली म्हातारी येताजाता थांबून बघायची. मी पूर्ण फेरी मारली त्या दिवशी ती मंगलला म्हणाली, तुझ्यापरीस बरी चालवते. म्हातारीला गाडीतलं काही कळत नव्हतं, पण मी रात्री दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

हे रोज मैदानाच्या कडेला दगडावर येऊन बसायचे. माझ्याशी मोजकंच बोलायचे. मी पडले तेव्हा मात्र सगळ्यांत आधी तेच पळत आले, आणि आधी गाडी न उचलता मला उचललं. नंतर खोलीत गुडघ्याला मलम लावता लावता खाली मान घालून म्हणाले, "तू हसशील म्हणून नाही सांगितलं." मी म्हटलं, हसलेच असते. मग आम्ही दोघंही खरंच हसलो, आणि मंगल बाहेरून काय झालं म्हणून विचारत होती. मी तिला सांगितलं नाही. आमच्या दोघांचंही एखादं असू दे की.

परत

परवाना हातात आला आणि मगच, पुढच्या सुट्टीच्या दिवशी एसटीनं हरसूलला जाऊन आम्ही गाडी घरी आणली. मी पुढं, हे मागे, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट. माझं नवीन, दुकानात वेणी घालून जाऊन निवडलेलं. घाटात मी कुणालाही ओव्हरटेक केलं नाही, सगळ्यांनी मला केलं. गिरणाऱ्याला चहा प्यायलो. ह्यांनी एकदाही ब्रेक, ब्रेक केलं नाही, फक्त वळण आलं की माझ्या खांद्यावरचे हात जरा जड व्हायचे.

नाशिकला अशोकस्तंभाच्या सिग्नलला थांबलो. शेजारच्या स्कूटरवर एक बाई एका बाजूला बसली होती, मांडीवर भाजीची पिशवी. तिनं मला बुटापासून हेल्मेटपर्यंत बघितलं, मग मागे बसलेल्या ह्यांना बघितलं, आणि पुढं बसलेल्या आपल्या नवऱ्याच्या पाठीकडे असं काही बघितलं की माझ्या जिवाला गार वाटलं. तेवढ्यात ह्यांनी पुढं वाकून विचारलं, "मला शिकवशील?"

मी ऐकलं. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? हे शिकले की रोज सकाळी गाडी कचेरीत जाणार, आणि मी पुन्हा शेअर रिक्षात तिघींच्या मध्ये. रविवारी फिरायला जायचं तर पुन्हा मागे, पुन्हा अर्धा रस्ता. आजवर नणंदेवर जळले, आता नवऱ्यावर, तेही त्याला अजून काही येत नसताना. ह्यांनी पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. सिग्नल सुटला आणि मी गिअर टाकला.

त्यानंतर त्यांनी विषय काढला नाही. रहदारीच्या आवाजात मला ऐकू आलं नसेल, अशी त्यांची समजूत आहे. मी लिहिलेलं सगळं आधी तेच वाचतात, म्हणून इथंच सांगून टाकते. अहो, मी ऐकलं होतं. दोन्ही वेळा. रविवारी सकाळी मैदानावर या, बूट घालून. शिकवीन, पडलात तर उचलीनही. पण शिकून तयार झालात तरी सोमवारी गाडी माझ्याच शाळेत जाणार.